लाईट आली की प्लग ऑफलाइन: दर पावसाळ्यातला घोळ आणि त्याचा माग

सकाळी सहा दहाला आईचा फोन आला की एरवी पोटात गोळा येतो. जूनपासून मात्र फोन उचलण्याआधीच ती काय म्हणणार ते मला पाठ झालं होतं. "अरे, पाणी गार आहे. तुझा तो डबा परत नुसताच बसलाय."

मी पुण्यात, आईबाबा चिपळूणला. दोन वर्षांपूर्वी वीजबिल कमी करायचं म्हणून हौसेने त्यांच्या घरात वाय-फायचे प्लग, बल्ब, स्विचबोर्डामागचे रिले (दुरून वीज जोडणारे-तोडणारे छोटे स्विच) अशी एकूण चौदा उपकरणं बसवली. गिझर साडेपाचला लागेल, सहाला बंद होईल. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रात्री आपोआप झोपतील. टाकीची मोटार मला पुण्यातून बघता येईल. उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. पाऊस सुरू झाला आणि वारा सुटला की लाईट जायची, दोन सेकंदांत यायची, परत जायची, परत यायची. अशी चारपाच वेळा लपाछपी झाली की दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये निम्मी उपकरणं करड्या रंगात. ऑफलाइन. मी शनिवारी जाऊन सगळं परत जोडायचो, आणि मंगळवारी पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला आईने सांगून टाकलं, "ते सगळं काढ आणि मला माझी बटणं परत दे." त्यानंतर मी पुन्हा जोडत बसणं बंद केलं आणि नेमकं काय बिघडतंय ते शोधायला बसलो. ज्यांच्याकडे लाईट वरचेवर जाते त्या प्रत्येकाला हा घोळ कधी ना कधी भेटतोच, म्हणून सविस्तर लिहितोय.

ॲपवर विश्वास ठेवू नका, दिवा बघा

ॲपला एकच शब्द येतो, ऑफलाइन. त्यामागे निदान चार वेगळे आजार असू शकतात आणि चौघांची औषधं वेगळी. म्हणून आधी उपकरणाच्या अंगावरचा बारका दिवा बघायचा. भराभर लुकलुकत असेल तर ते नव्याने जोडून घ्यायच्या अवस्थेत गेलंय, म्हणजे तुमच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड विसरलंय. सावकाश लुकलुकत असेल तर बहुतेकदा नाव आठवतंय, पण राउटर सापडत नाहीये. दिवा स्थिर असेल तर ते जोडलेलं आहे आणि गडबड पुढे कुठेतरी आहे. कंपनीगणिक या खुणा थोड्या बदलतात, तेव्हा सगळं ठीक चालू असताना प्रत्येकाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. मी ठेवला नव्हता, म्हणून पहिल्या वेळी अर्धा तास अंदाज लावण्यात गेला.

आईला व्हिडिओ कॉलवर घरभर फिरवलं. बल्ब भराभर लुकलुकत होते. मोटारीचा प्लग सावकाश. आणि गिझरचा दिवा अगदी शांत, स्थिर, जणू काही झालंच नाही. एकाच रात्रीत तीन उपकरणांना तीन वेगळे आजार. मी इतके दिवस "वाय-फाय गंडलंय" या एकाच समजुतीवर राउटर बदलण्याचा विचार करत होतो.

बल्बचं विस्मरण

बल्बला बटण नसतं. मग तो रिसेट करायचा कसा? पुष्कळ कंपन्यांनी यावर एक युक्ती केलीय: भिंतीवरचं बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा बंद-चालू केलं की बल्ब जुनं सगळं पुसून नव्याने जोडायला तयार होतो. आता कोकणातल्या पावसाळी रात्रीची लाईट आठवा. आली, गेली, आली, गेली, आली. बल्बच्या दृष्टीने कोणीतरी मुद्दाम रिसेट करतंय. बिचारा हुकूम पाळून सगळं विसरतो.

हे प्लगलाही होऊ शकतं. टास्मोटा हे मोफत फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ज्यांनी घातलंय त्यांच्यासाठी सांगतो, त्यातही अशी सोय आहे: थोड्या थोड्या सेकंदांच्या अंतराने लागोपाठ सहा वेळा वीज तोडली आणि सातव्यांदा चालू ठेवली की उपकरण मूळपदावर जातं. 'सेटऑप्शन ६५' या सेटिंगला १ दिलं की ही सोय बंद होते. जिथे लाईटचा असा खेळ चालतो तिथे ती बंदच ठेवावी. उपकरण खरंच अडकलं तर उघडून, तारा जोडून पुन्हा फर्मवेअर भरता येतं. तेवढी तयारी मात्र हवी.

बल्बला असली सेटिंग फारशी मिळत नाही. त्यावर दोन उपाय. एक, वायरमनकडून त्या लाइनवर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यायचा, ज्यात वीज परत आल्यावर किती सेकंद थांबायचं ते ठरवता येतं. एक-दोन मिनिटं लावली की लपाछपी संपल्यावरच बल्बला वीज मिळते, मधले झटके त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुसरा उपाय मी केला तो: पाचही स्मार्ट बल्ब काढले आणि साधे ९ वॅटचे एलईडी लावले. हिशेब करून बघितला तर ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला सव्वा ते दीड युनिट. तेवढ्यासाठी काय ऑटोमेशन करायचं? बाहेरचा एक दिवा तेवढा संध्याकाळी लागायला हवा होता, त्याला स्विचबोर्डामागे रिले घातला, तोही असा की भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चालेल. आईला बटण मिळालं. अर्धी भांडणं तिथेच मिटली.

गिझर: जोडलेला आहे, पण लागला नाही

हा सगळ्यात चकवणारा प्रकार. प्लग चालू, वाय-फायवर आहे, ॲपमधून दाबलं की लागतो. पण साडेपाचचं वेळापत्रक मात्र हुकलं.

याची दोन कारणं असतात. पहिलं घड्याळाचं. या प्लगमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ गेली. वीज आल्यावर ते इंटरनेटवरून वेळ मागून घेतात, आणि इंटरनेट नसेल तर त्यांना किती वाजलेत हेच कळत नाही. चिपळूणला लाईट पहाटे चारला आली तरी इंटरनेट सातपर्यंत आलेलं नसायचं. टास्मोटावाल्यांनी आणखी एक बघा: त्यातली मूळ वेळ मध्य युरोपची असते. 'टाइमझोन' मध्ये +५:३० घातलं नाही तर गिझर हिवाळ्यात साडेचार तास उशिरा लागेल आणि तुम्ही वाय-फायला शिव्या द्याल.

दुसरं कारण वेळापत्रक राहतं कुठे, हे. काही प्लग ते स्वतःच्या पोटात ठेवतात, काहींचं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. "अमुक झालं तर तमुक कर" छापाचे नियम तर बहुतेक ॲपमध्ये सर्व्हरवरच चालतात. तुमच्याकडे काय आहे हे कळायला माहितीपत्रक वाचायची गरज नाही. दहा मिनिटांनंतरचं एक वेळापत्रक लावा, ते जतन झालंय याची खात्री करा, मग राउटरला येणारी इंटरनेटची तार काढा. राउटर चालू राहू द्या. दहा मिनिटांनी प्लगने टक् असा आवाज केला तर वेळापत्रक त्याच्या पोटात आहे. नाही केला तर ते परक्याच्या घरी आहे. आमचा गप्प बसला.

म्हणून मी एका जुन्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट बसवलं. मोफत सॉफ्टवेअर आहे, घरातल्या घरात चालतं, इंटरनेट नसलं तरी प्लगशी बोलतं. अर्थात प्लग असे हवेत जे घरातल्या नेटवर्कवरून ऐकतात. एक सूचना: रास्पबेरी पाय ला मेमरी कार्डाऐवजी एसएसडी द्या आणि घड्याळाचा छोटा बॅटरीवाला मोड्यूल लावा. अचानक वीज जाऊन कार्ड खराब होणं हा त्याचा नेहमीचा रोग आहे. माझं एक कार्ड गेलं तेव्हा कळलं.

तरीही पहिल्या आठवड्यात गिझर पुन्हा हुकला. कारण नियम मी असा लिहिला होता: "साडेपाच वाजले की गिझर लाव." साडेपाचला लाईटच नव्हती. पावणेसहाला आली. आता साडेपाच परत कधी वाजणार? उद्या. यंत्राने सांगितलेलं ऐकलं, चूक माझी. खरी दुरुस्ती नियमाच्या शब्दांत होती: "साडेपाच ते सात या वेळात, आज गिझर अजून लागलेला नसेल, तर लाव." हे दर पाच मिनिटांनी तपासायचं आणि यंत्रणा सुरू झाल्यावर चार मिनिटं थांबूनही एकदा तपासायचं. तेव्हापासून सहा दहाचे फोन थांबले.

लाईट जाणाऱ्या गावात घटनेवर नियम बांधला की तो फसतो. स्थितीवर बांधलेला टिकतो. मोटार, बाहेरचा दिवा, सगळ्यांचे नियम मी नंतर असेच फिरवून लिहिले.

वीज परतल्यावर कोणी कसं वागायचं

बहुतेक प्लगमध्ये एक सेटिंग असतं, वीज परत आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत जायचं. बहुतेक जण ते कधी उघडतच नाहीत. आमच्याकडे गिझर "आधीच्या स्थितीत" होता. सकाळी पावणेसहाला चालू असताना लाईट गेली, सगळे तसेच कामाला लागले, अकराला लाईट आली आणि गिझर इमाने इतबारे पुन्हा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत. थर्मोस्टॅट असतो म्हणून भलतं काही झालं नाही, पण टाकीतलं पाणी दिवसभर निवत आणि तापत राहिलं.

गिझर: बंद. मोटार: बंद, यात चर्चाच नको, कारण विहिरीत पाणी नसताना रात्री दोनला मोटार आपोआप सुरू झाली तर ती जळते. शिवाय गिझरला "काहीही झालं तरी तीस मिनिटांनी बंद" असं दुसरं कुलूप प्लगच्या स्वतःच्या पोटात लावा, म्हणजे वरची यंत्रणा झोपली तरी चालेल. ॲपमध्ये याला काउंटडाउन किंवा इंचिंग म्हणतात. टास्मोटात 'पल्सटाइम' ला १९०० द्यायचं. त्याचा हिशेब विचित्र आहे, १११ च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा करून उरतील तितके सेकंद, म्हणजे १८०० सेकंद.

तीस मिनिटं का, तर २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते आणि २००० वॅटचा गिझर ते अर्ध्या तासात देतो. मोठा किंवा लहान गिझर असेल तर त्या प्रमाणात बदला.

आणि आता माझा गाढवपणा. "सगळं बंद" या सुरात मी फ्रिजचा प्लगही बंदवर ठेवला. तो प्लग नुसता वीज मोजायला लावला होता. लाईट आली, फ्रिज आला नाही, दोन लिटर दूध आणि भिजवलेलं डोशाचं पीठ गेलं. फ्रिजला प्लग लावायचाच तर "चालू" वर ठेवा. खरं तर आठवडाभर मोजून झालं की काढूनच टाका.

राउटर का कोसळतो

राउटर आमच्याकडे इन्व्हर्टरवर आहे. मग लाईट गेल्यावर तो बंद पडायलाच नको. तरी पडायचा. बाबा म्हणायचे, "ट्यूब नुसती मिचकावते, बंद होत नाही." त्या एका मिचकावण्यात उत्तर होतं.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. यूपीएसवर टाकलं की हा खंड कमी होतो. पण त्याची किंमत आहे: यूपीएसवर इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत नाजूक होतो, थोडं पडलं की लगेच बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. चार दिवस यूपीएसवर ठेवून बघितलं तर रोज संध्याकाळी बॅटरी उगाच खर्ची पडायला लागली. म्हणून इन्व्हर्टर परत नॉर्मलवर आणि राउटर व फायबरचा डबा या दोघांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, पिन बसते म्हणून लावू नका.

राउटरमधल्या तीन गोष्टी एकदा बसून करून टाका. बहुतेक प्लगना फक्त २.४ गीगाहर्ट्झ कळतं, तेव्हा त्या बँडला वेगळं नाव द्या. एकाच नावाखाली दोन्ही बँड असले की जोडताना फोन एकीकडे आणि प्लग दुसरीकडे. चॅनेल "ऑटो" वर ठेवू नका. दर वेळी सुरू होताना राउटर नवीन चॅनेल निवडतो, कधी १२ किंवा १३ वर जातो, आणि परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही उपकरणांना ते चॅनेल दिसतच नाहीत. १, ६ किंवा ११ यातलं एक पक्कं करा. तिसरं, प्रत्येक प्लगला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) राखून द्या.

मोटारीचा प्लग सावकाश लुकलुकत होता तो मात्र भिंतीमुळे. घर चिऱ्याचं आहे. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय आधीच कष्टाने जातं, आणि पावसात तो दगड पाणी पितो. प्लगच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हाचा. उणे ६५ च्या आसपास असेल तर निवांत, उणे ८० च्या खाली गेला की रडारड ठरलेली. मे महिन्यात मोटारीजवळ उणे ७४ होता, जुलैत उणे ८३. पडवीत एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथून वाय-फाय पुढे द्यायला, लावला, विषय संपला.

बंद दिसते, पण चालू आहे

मोटारीचाच दुसरा किस्सा. ॲप म्हणतं बंद, बाबा म्हणतात टाकी वाहतेय. दोघंही खरे होते. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि प्लगच्या आतल्या रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून जातात. प्लग आपल्या परीने बंद करतो, पण आत धातू धातूला डकलेला. ओळखायचं कसं? वीज मोजणारा प्लग असेल तर स्थिती बंद आणि वॅट मात्र ९०० दिसतात. नसेल तर कान लावा, बंद करताना टक् आवाज येत नाही किंवा फारच मऊ येतो. असा प्लग टकटक मारून सोडवायचा प्रयत्न करू नका, फेकून द्या.

मोटार प्लगवर थेट घालूच नये. मध्ये कॉन्टॅक्टर (जड करंट पेलणारा मोठा रिले) घाला आणि प्लगने फक्त त्याची कॉइल, म्हणजे त्याला ओढणारी तारेची गुंडाळी, चालवा. हे काम वायरमनचं. आणि टाकी भरल्यावर बंद करायला स्मार्ट काहीही लागत नाही, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच लागतो. तो कुठल्याही सर्व्हरला विचारत नाही.

गिझरबद्दलही हेच: १० अँपिअरचा प्लग नको. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तेही अर्धा अर्धा तास सलग. १६ अँपिअरचाच घ्या, बाथरूमच्या बाहेर लावा, आणि पहिल्या आठवड्यात बंद झाल्यावर हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला किंवा प्लास्टिक पिवळं पडलं तर सॉकेट ढिलं आहे, ते आधी बदला.

आणि बिल?

हे सगळं ज्याच्यासाठी केलं ते बिल पहिल्या वर्षी फारसं हललंच नव्हतं. महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट, दोन माणसांच्या घरात. शेवटी एका रात्री सगळी बटणं बंद केली, फ्रिजची पिन काढली आणि मीटरपाशी गेलो. पाऊस पडत होता. बाबांनी छत्री धरली, मी फोनचं स्टॉपवॉच. मीटरवर एक लाल दिवा मिचकावतो आणि शेजारी ३२०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा मिचकावला की एक युनिट. सगळं बंद असताना तो दर नऊ सेकंदांनी मिचकावत होता. हिशेब सोपा आहे: ११२५ ला सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. (मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा.) ११२५ भागिले ९, म्हणजे १२५ वॅट. कोणी काही वापरत नसताना. महिन्याला ९० युनिट.

"मीटर जोरात पळतोय म्हणून अर्ज करू या," बाबा म्हणाले. मी म्हटलं आधी घर शोधू.

एकेक पिन काढत मिचकावण्यातलं अंतर मोजत गेलो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केलेला असूनही १२. राउटर आणि फायबरचा डबा १३. फ्रिजचा स्टॅबिलायझर नुसता बसून १०. कपाटावरची जुनी म्युझिक सिस्टीम, जी गेल्या गणपतीनंतर कोणी लावली नव्हती, ९. रास्पबेरी पाय ५. माझी चौदा उपकरणं मिळून १४, म्हणजे वीज वाचवायला बसवलेलं सामानच महिन्याला दहा युनिट खात होतं! उरलेला जवळजवळ सगळा भार इन्व्हर्टरचा निघाला, ५८ वॅट, बॅटरी पूर्ण भरलेली असताना. बॅटरी सहा वर्षांची. जुनी झालेली लेड-ॲसिड बॅटरी भरली तरी करंट ओढत राहते आणि त्याची नुसती उष्णता होते; हात लावला तर कोमट लागत होती. पाणीही खाली गेलं होतं.

नवीन बॅटरीनंतर इन्व्हर्टर १९ वॅटवर आला. महिन्याला २८ युनिट तिथेच. म्युझिक सिस्टीमची पिन काढली. स्टॅबिलायझर ठेवला, व्होल्टेज पडणाऱ्या गावात तो काढायचा नाही. सेट-टॉप बॉक्स दिवसातले पंधरा तास प्लगने बंद, त्याचे पाचेक युनिट. आईच्या मालिकेच्या दहा मिनिटं आधी चालू होतो, कारण त्याला जागं व्हायला वेळ लागतो आणि त्यावरून एकदा घरात वातावरण तापलेलं आहे. गिझर आधी दिवसाला २.८ युनिट खायचा, आता १.९. चौदाची सहा उपकरणं झाली. गेल्या तीन बिलांत आकडा १७२ ते १८० च्या मध्ये आहे.

यात ऑटोमेशनचा वाटा मोजला तर जेमतेम तीस-बत्तीस युनिट, तेही जवळजवळ सगळे गिझरचे. बाकीचं काम एका लाल दिव्याने आणि छत्रीने केलं. तेव्हा प्लग विकत घेण्याआधी मीटरपाशी जा. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर आणि तीनशे युनिटांवर टप्पा बदलतो आणि त्यापुढच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणजे तुम्ही ३१० वर असाल तर पहिले दहा युनिट वाचवण्याला जास्त मोल आहे. नवीन टीओडी मीटर बसला असेल तर बिलावर दिवसाच्या वेळेनुसार वापर दिसतो. तो बघून धुण्याचं यंत्र आणि मोटार कुठल्या वेळी चालवायची ते ठरवता येईल.

एक घोळ अजून सुटलेला नाही. बाहेरच्या दिव्याचा रिले महिन्यातून एकदा, लाईट न जाताच, पहाटे तीनच्या सुमारास दहा मिनिटं गायब होतो आणि आपला आपण परत येतो. सिग्नल उणे ६१. पत्ता राखलेला. त्या वेळी व्होल्टेज किती असतं ते नोंदवायला आता शेजारच्या सॉकेटमध्ये मोजणारा प्लग लावून ठेवलाय. आईला सांगितलेलं नाही.